कापूस आणि दारूगोळा

जगातील सर्वांत मोठा स्फोट कोणता, असे विचारणाऱ्याला बहुधा उत्तरापेक्षा आकडा हवा असतो, आणि आकडा देणे फारसे अवघड नाही. माणसाने घडविलेल्या स्फोटांत पहिला मान सोव्हिएत रशियाने ३० ऑक्टोबर १९६१ रोजी नोवाया झेम्ल्या बेटांवर उडविलेल्या बॉम्बचा. त्याची शक्ती सुमारे ५० मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या तीन हजार पटींहून अधिक. निसर्गाच्या दरबारात मात्र हा बॉम्बही दुय्यम ठरतो. १८८३ च्या २७ ऑगस्टला क्राकाताऊ ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याचा आवाज सुमारे ४८०० किलोमीटर दूर हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू आला. ऐकणाऱ्याला वाटले, कोठे तरी तोफा डागल्या जात आहेत. त्याआधी १८१५ मध्ये तंबोरा फुटला होता; तो तर क्राकाताऊहूनही मोठा.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हे एका स्फोटाचेच चिन्ह आहे. लवणासुराला विष्णूने तेथे पाताळात गाठून मारले आणि ते विवर म्हणजे त्या दैत्याचे घर, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. दैत्यसूदनाचे देखणे मंदिर पाहून आलेले वाचकही पुष्कळ असतील. भूशास्त्रज्ञ म्हणतात की, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी एक अशनी तेथल्या काळ्या पाषाणावर आदळला आणि जवळजवळ १८०० मीटर व्यासाचा खळगा करून गेला. अशनीत दारू नव्हती, सुरुंग नव्हता. होता केवळ वेग. तो वेग एका क्षणात थांबला आणि त्याची उष्णता झाली. कथा आणि शास्त्र या दोहोंत एका गोष्टीवर एकमत दिसते: वरून काही तरी प्रचंड आले आणि जमीन फाटली.

पण माझा व्यवसाय वकिलीचा. अशनीवर समन्स बजावता येत नाही, ज्वालामुखीला प्रतिवादी करता येत नाही. म्हणून ज्या स्फोटांना मनुष्य कारण असतो, आणि तोही शत्रू म्हणून नव्हे तर कारकून, खलाशी, गुदामवाला किंवा पंच म्हणून, त्या स्फोटांकडे माझे मन अधिक ओढले जाते. त्यांत 'कारण' या शब्दाचा अर्थच निराळा होतो.

आधी शास्त्राचे थोडेसे. स्फोट म्हणजे पुष्कळ शक्ती, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. स्फोटाच्या मोजमापाची जी रूढ पद्धत आहे, तिच्यात एक ग्रॅम टीएनटी म्हणजे एक किलोकॅलरी असे धरतात. आता आपल्या देवघरातल्या निरांजनात जे तूप असते, त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे नऊ किलोकॅलरी असतात. कापसाच्या वातीतही, वजनास वजन धरले तर, टीएनटीच्या सुमारे चौपट उष्णता आहे. मग निरांजन सौम्यपणे का तेवते आणि टीएनटी इमारत का पाडते? कारण तुपाला जळण्यासाठी भोवतालच्या हवेतला प्राणवायू घोट घोट घ्यावा लागतो. टीएनटी आपला प्राणवायू पदरी बांधूनच आलेला असतो. साध्या बंदुकीच्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक ७५, १५ आणि १० या प्रमाणात असतात. त्यांतला सोरा हा प्राणवायूचा पुरवठादार. त्यातून ती दारू मोकळ्या जागी पसरली तर नुसती भसकन जळते, तीच कोंडली तर फुटते. टीएनटीचे तर असे की, त्याच्या पोटातून स्फोटाची लाट सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने धावते. तेव्हा स्फोट हा शक्तीचा प्रश्न नसून वेळेचा आहे. जी उष्णता रात्रभर पुरावयाची, ती डोळ्याचे पाते लवण्याआधी मोकळी झाली म्हणजे तिला आपण स्फोट म्हणतो.

आमच्या घरात हे ज्ञान पुस्तकातून आले नाही. आजोबा कारवारकडून नोकरीसाठी त्या काळच्या मध्यप्रांतात आले आणि बालाघाटजवळ भरवेलीच्या मँगनीज खाणीत कारकून म्हणून राहिले. ही भूमिगत खाण फार खोल, आणि खनिज फोडावयाचे म्हणजे सुरुंग आलाच. खाणीवर स्फोटके ठेवण्याच्या कोठाराला 'मॅगेझिन' म्हणतात. मासिकालाही इंग्रजीत तोच शब्द आहे, हे आजोबांना कोण गमतीचे वाटे, घरी मासिकाचा अंक आला की ते म्हणत, "हे मॅगेझिन घरात ठेवण्यास हरकत नाही." त्यांनी आम्हां नातवंडांना सांगितलेला नियम एकच होता: सुरुंगाची दारू आणि तिला पेटविणारी टोपी एका छपराखाली रात्र काढीत नाहीत. दोन कोठ्या, दोन कुलपे, दोन नोंदवह्या. आजी हीच गोष्ट चुलीपुढे बसून कोंकणीत सांगे, "उज्यालागीं लोणी दवरूं नाका." तिचा रोख बहुधा दुसऱ्याच कशावर तरी असे, पण शब्दशः घेतला तरी तो उपदेश खाणीच्या नियमावलीत शोभला असता.

आजोबांची थोरली बहीण गिरगावात दिलेली होती, आणि मुंबईच्या गोदीतला स्फोट आमच्या घरात आला तो तिच्या तोंडून. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुपारच्या चहाची वेळ. प्रथम घर हलले, मग आवाज आला, मग दुसरा आवाज आला, आणि चाळीतल्या प्रत्येकाने एकच निष्कर्ष काढला की जपानी आले. धूर दिसत होता, आकाश लाल झाले होते, आणि वर्तमानपत्रे मुकी होती. युद्धकाळातल्या निर्बंधांमुळे या घटनेची तपशीलवार बातमी जगाला प्रथम दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, दुसऱ्याच दिवशी. आपल्याकडच्या बातमीदारांना ती बाहेर पाठविण्याची मुभा मिळाली मे महिन्यात. ज्या शहरात आठशे ते तेराशे माणसे मेली आणि सुमारे ८०,००० बेघर झाली, त्या शहराला आपल्यावर काय कोसळले हे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुजबुजीतून समजून घ्यावे लागले.

कोसळले ते असे. 'फोर्ट स्टिकीन' नावाचे ७१४२ टनांचे जहाज फेब्रुवारीत इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईस व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्यावर सुमारे १४०० टन दारूगोळा होता. विमाने होती, आणि सोन्याच्या विटांच्या पेट्याही होत्या. एवढ्यावर भागले असते तर कदाचित काही झालेही नसते. परंतु कराचीस रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८७०० गासड्या चढविण्यात आल्या. शिवाय वंगणाचे तेल, लाकूड, गंधक, राळ. दोन क्रमांकाच्या तळघरात खाली कापूस रचला होता आणि त्याच्या वर स्फोटके. त्या काळी अशा मिश्र मालाला एरवी परवानगी मिळाली नसती. पण युद्ध चालू होते, जहाजे कमी होती, आणि जागा रिकामी नेणे हा गुन्हा वाटत होता. धोक्याच्या मालाचा लाल बावटाही जहाजावर चढविलेला नव्हता. प्रत्येक सवलतीला त्या त्या वेळी एक समंजस कारण होते. अशी समंजस कारणे मी न्यायालयात रोज ऐकतो.

दुपारी दोनच्या सुमारास कापसातून धूर येताना दिसला. आग कशाने लागली हे निर्विवाद सिद्ध झाले नाही. कोणाच्या तरी विडी-सिगारेटवर संशय राहिला. माझ्या मते तो मुद्दा गौणच आहे. खरे प्रकरण सुरू होते ते दोन वाजल्यानंतर, कारण स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी. मधले दोन तास जहाजाभोवती माणसे होती, पंप होते, अधिकारी होते, आणि पोटात काय आहे याची माहितीही होती. एकाने सल्ला दिला की जहाज जागच्या जागी बुडवावे. पण धक्क्याशी पाणी पुरेसे खोल नव्हते. दुसऱ्याचे मत पडले की ते बाहेर समुद्रात न्यावे. पण यंत्र दुरुस्तीसाठी उघडलेले होते. जहाजाच्या पत्र्यावर एका जागी रंग तापून फुगू लागला, म्हणजे आग कोठे आहे हे डोळ्यांना दिसत होते. तेथे भोक पाडून पाणी घालावे म्हटले, तर पत्रा कापण्याचे उपकरण चालेना. सल्ला देणारे पुष्कळ होते. "असेच करा, जबाबदारी माझी" असे म्हणण्याचा अधिकार ज्याला स्पष्टपणे होता, असा एकही नव्हता. अग्निशामकांनी आपले काम चोख केले. त्यांनी नऊशे टनांहून अधिक पाणी आत सोडले. आणि त्या पाण्यावर तरंगत जळता कापूस वर वर चढत दारूगोळ्यापर्यंत पोचला.

हे वाक्य लिहिताना दर वेळी माझी लेखणी थांबते. विझविण्यासाठी घातलेले पाणी आगीला दारूगोळ्याकडे उचलून नेते, असे जर एखाद्या पुराणात वाचले असते, तर शापाची कथा म्हणून आपण ते मान्य केले असते.

तीन पन्नासला जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. पहिल्या स्फोटाच्या वेळी गोदीतले पाणी इतके उसळले की 'जलपद्म' नावाचे सुमारे ४००० टनांचे जहाज धक्क्यावर येऊन आदळले. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. सिमल्याच्या भूकंपमापकावर, म्हणजे १७०० किलोमीटरांवर, त्याची नोंद झाली. जळत्या कापसाचे गोळे मांडवीच्या दाट वस्तीवर पडले. बंगालचा दुष्काळ ताजा असता धान्याची कोठारे जळाली. सोन्याची एक वीट एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली आणि त्यांनी ती परत केली. इतर विटा पुढे कित्येक वर्षे गोदीच्या गाळातून निघत राहिल्या. राखेतून वर आलेल्या शहराला गोदी साफ करण्यास सुमारे सात महिने लागले. विम्याच्या करारांत अशा स्फोटाला जागा नव्हती, म्हणून सरकारला नुकसानभरपाईचा खास वटहुकूम काढावा लागला. आत्या म्हणत असे, की गिरगावात पुढे वर्षभर कोणी कपाट जोराने लावले तरी बायका दचकत.

इतर मोठे अपघात पाहिले तरी साचा तोच निघतो. १९१७ च्या ६ डिसेंबरला कॅनडात हॅलिफॅक्स बंदरात 'माँ-ब्लाँ' हे दारूगोळ्याने भरलेले फ्रेंच जहाज दुसऱ्या जहाजाशी टकरून पेटले. त्याच्यावरही धोक्याचा बावटा नव्हता, आणि आग पाहण्यास लोक खिडक्यांशी गोळा झाले होते. सुमारे १८०० माणसे गेली. १९२१ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ येथे अमोनियमयुक्त खताचा डोंगर घट्ट बसला होता. तो मोकळा करण्यासाठी सुरुंगाचे बार काढीत, आणि असे असंख्य बार सुखरूप गेल्यामुळेच शेवटच्या बाराला कोणी भ्याले नाही. १९४७ मध्ये अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बंदरात जे जहाज उडाले, त्याच्यावर सुमारे २३०० टन अमोनियम नायट्रेट होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते खत. पण त्याच्याही पदरी प्राणवायू बांधलेला असतो.

बैरूतचे प्रकरण मला वकील म्हणून सर्वांत जास्त बोचते. ४ ऑगस्ट २०२० रोजी तेथल्या बंदरात २७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली. हा माल २०१३ मध्ये एका मोडक्या जहाजातून आला, अडकला, आणि २०१४ पासून गुदामात पडून होता. सहा वर्षे! जकात अधिकाऱ्यांनी न्यायाधीशांना पत्रे लिहिली होती. सर्वांना माहीत होते, सर्वांच्या दप्तरी कागद होता. आपल्याकडे अशा वस्तूला 'मुद्देमाल' म्हणतात, आणि मुद्देमालाचे काय होते हे कोणत्याही तालुका न्यायालयात येऊन पाहावे. खटला संपेपर्यंत त्याला हात लावावयाचा नाही, आणि खटला तर संपत नाही. बैरूतच्या स्फोटानंतर आठवण झाली की चेन्नईजवळही सुमारे ७०० टन तोच माल २०१५ पासून जप्तीत पडून आहे. मग तो घाईघाईने हैदराबादेस हलविण्यात आला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रीनगरजवळच्या नौगाम पोलीस ठाण्यात जप्त केलेल्या स्फोटकांचे नमुने घेतले जात असतानाच ती उडाली आणि नऊ माणसे गेली. पुरावा जपून ठेवणे हे न्यायाचे काम आहेच. पण पुरावा जर स्वतःच जिवंत असेल, तर त्याला तारखा देत बसणे परवडत नाही.

कायदा नाही, असे मुळीच नाही. आपला स्फोटक पदार्थांचा मूळ कायदा १८८४ चा. २००८ चे नियम आहेत, अमोनियम नायट्रेटसाठी २०१२ चे वेगळे नियम आहेत, आणि ही सर्व व्यवस्था पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आमच्या जवळच, नागपुरास आहे. तरीही मुख्यालयाच्या सावलीत काय काय झाले? पुलगावच्या दारूगोळा डेपोत मे २०१६ मध्ये आग लागली. जून २०१७ मध्ये बालाघाटजवळच्या खैरी गावातल्या फटाक्यांच्या कारखान्यात वीसहून अधिक मजूर मृत्युमुखी पडले; त्यांत स्त्रियाही होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये हरदा. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची आयुधनिर्माणी. नियमात अंतरे लिहिलेली असतात, वजने लिहिलेली असतात. नियम ज्याला लिहिता येत नाही ती गोष्ट म्हणजे, "आज एक दिवस चालेल" हे वाक्य.

हे वाक्य मी आमच्या हट्ट्यातही ऐकले, आणि म्हणूनच हा लेख लिहावयास बसलो. हट्टा म्हणजे बावडी, एवढेच बाहेरच्यांना ठाऊक असते. पण गावात देवळेही आहेत, आणि त्यांतल्या एका देवस्थानाच्या समितीला मी कायद्याचा सल्ला देतो. दसऱ्याला मैदानात रावणदहन होते, शोभेची दारू उडते, आसपासच्या खेड्यांतून माणसे येतात. एका वर्षी समितीसमोर प्रस्ताव आला की, फटाके हंगामाआधी स्वस्त मिळतात, तर तीन महिने आधीच घेऊन देवळामागच्या कोठीत ठेवावे. बचत बरी होती. सर्वांच्या माना हलल्या.

अध्यक्ष वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांना सारा गाव काकाजी म्हणतो. मी विचारले, "काकाजी, कोठीत सध्या काय काय आहे?"

ते आठवू लागले. "तेलाचे डबे आहेत. कापूर आहे. वातींच्या कापसाची दोन पोती. मांडवाचे कापड, बांबू. आणि नैवेद्याच्या स्वयंपाकाचे सिलिंडर, दोन की तीन."

"आणि कोठीची भिंत?"

"गाभाऱ्याला लागून. ती तर तुम्हांलाही ठाऊक आहे, वकीलसाहेब. पण फटाकेच आहेत हो, बॉम्ब नव्हेत. आणि एवढ्या वर्षांत काही झाले नाही."

मी त्यांना ओपाऊ सांगितले नाही. केरळातले पुट्टिंगल सांगितले. १० एप्रिल २०१६ ची पहाट, परवूरचे देवीचे मंदिर, उत्सवाची आतषबाजी. जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारलेली होती. एक पेटता फटाका शोभेची दारू साठविलेल्या कोठीवर पडला, आणि शंभराहून अधिक भाविक गेले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये कासरगोड जिल्ह्यात नीलेश्वरजवळच्या देवस्थानातही साठविलेल्या फटाक्यांवर ठिणगी पडली आणि दीडशेहून अधिक माणसे भाजली. तो मुलूख तर आपल्या कोंकणी माणसांचा. तेथली वर्णने त्या दिवसांत अनेक घरांत दूरध्वनीवरून आली असतील.

मग मी कायद्याकडे वळलो, कारण समितीने मला त्यासाठीच ठेवले आहे. जो मनुष्य आपल्या जागेत धोक्याची वस्तू आणून ठेवतो, ती निसटली तर त्याने भरून द्यावे, हे तत्त्व इंग्लंडात १८६८ मध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात पक्के झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या ऑलियम वायुगळतीच्या प्रकरणात धोक्याचा उद्योग करणाऱ्यांपुरते ते आणखी कडक केले, आणि इंग्रजी तत्त्वातल्या पळवाटाही बंद केल्या. पण काकाजींच्या मनाला लागले ते दुसरेच. मी म्हणालो, हिंदू कायद्यात देव हा मालक असतो, परंतु तो अज्ञान मानला जातो. आपण पंच त्याचे पालक. पालकाने पाळण्याखाली काय ठेवावे आणि काय ठेवू नये, एवढाच प्रश्न आहे.

एक सभासद उठून म्हणाले की देवाच्या कार्यात असे अभद्र बोलू नये. ते पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलत नव्हते. त्यांचा राग मी समजू शकतो. उत्सवाचा आनंद हा काही फुकाचा नसतो, आणि लांबून चालत आलेल्या मुलाला आकाशातली फुले दाखविणे ही देवाची सेवा नव्हे, असे मीही म्हणणार नाही. माझा आक्षेप फुलांना नव्हताच.

ठराव शेवटी असा झाला: दारू परवानाधारक माणसानेच आणावी, दसऱ्याच्या दिवशीच आणावी, मैदानाच्या पलीकडे शेताच्या बांधाशी उतरवावी, आणि उडवून न झालेली त्याच रात्री परत न्यावी. आणि कार्यक्रम थांबविण्याचा अधिकार एकाच माणसाला असावा. त्याचे नाव आधी लिहून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी चौघांनी चार सल्ले देऊ नयेत. हे कलम मी आग्रहाने घातले. खर्च वाढला तो मांडवाच्या दिव्यांतून कापला, आणि त्याबद्दल दोन वर्षे टोमणे ऐकले. कोठीत आता तेल, कापूर, कापूस आणि मांडवाचे सामान एवढेच असते. सिलिंडर मागच्या पडवीत गेले. परवाच्या बैठकीत काकाजींनी आपण होऊन विषय काढला की, कापूर तरी तेलाशेजारी कशाला हवा, त्याला वेगळे फडताळ करावे. सुताराला सांगितले आहे.